मिशनरी सिस्टरचे चरित्र कसे लिहावे

एखाद्या सिस्टरच्या व्रतजीवनाचा सुवर्णमहोत्सव जवळ येतो, एखादी शाळा किंवा रुग्णालय स्मरणिका काढायचे ठरवते, किंवा सिस्टर देवाघरी जातात आणि त्यांच्याविषयी चार पाने लिहून देण्याची जबाबदारी कोणावर तरी येऊन पडते. ज्याच्यावर ती पडते त्याच्या मनात आदर भरपूर असतो आणि हाताशी माहिती थोडी असते. मग “सिस्टरांनी आपले सारे आयुष्य दीनदुबळ्यांच्या सेवेत चंदनासारखे झिजवले” असे वाक्य लिहिले जाते. ते खोटे नसते; पण त्यातले नाव बदलून दुसऱ्या कोणत्याही सिस्टरचे घातले तरी ते तसेच उभे राहते, आणि म्हणून त्याने या सिस्टरविषयी काहीच सांगितलेले नसते. अशी चरित्रे लिहिण्यात आणि इतरांनी लिहिलेली तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यात जी पद्धत उपयोगी पडली ती येथे सविस्तर मांडतो. हे काम इतर चरित्रांहून अवघड आहे, कारण जिने ‘मी’ हा शब्द समजून-उमजून बाजूला ठेवला त्या व्यक्तीलाच आपल्याला शोधून काढायचे असते.

आधी व्रतजीवनाचा आराखडा

पहिल्या आठवड्यात काहीही लिहू नये. सिस्टर कोणत्या संघाच्या आहेत आणि त्या संघाचे स्वरूप काय आहे, एवढेच नीट समजून घ्यावे. बंदिस्त मठात राहून प्रार्थनेचे जीवन जगणाऱ्या संन्यासिनी वेगळ्या आणि शाळा, दवाखाने, अनाथालये चालवणाऱ्या सिस्टर वेगळ्या. चर्चच्या कायद्याने फार काळ पहिल्या प्रकारच्या स्त्रियांनाच पूर्ण अर्थाने व्रतस्थ मानले होते. साधी व्रते घेऊन लोकांमध्ये काम करणाऱ्या भगिनींच्या संघांचे स्थान पोप तेरावे लिओ यांनी १९०० साली अधिकृतपणे निश्चित केले. त्याआधीच्या काळातील सिस्टरविषयी लिहिताना हे विसरले, तर त्यांना स्थानिक बिशपांशी इतकी वाटाघाट का करावी लागत होती ते कळत नाही.

दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते सर्वांना ठाऊक असतात. काही संघांत चौथे व्रतही असते: मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या भगिनी गरिबांतल्या गरिबांची मनापासून आणि विनामोबदला सेवा करण्याचे व्रत घेतात. असे व्रत असेल तर त्याचा नेमका मजकूर मिळवावा, कारण त्या संघातील सिस्टर पैसे का घेत नाहीत, विशिष्ट ठिकाणीच का राहतात, याचे उत्तर पुष्कळदा त्या एका ओळीत असते.

यानंतर एका कागदावर तारखा मांडाव्यात: जन्म, बाप्तिस्मा, संघात प्रवेश, नोव्हिशिएट (व्रते घेण्यापूर्वीचा तयारीचा काळ), प्रथम व्रते, अंतिम व्रते, प्रत्येक नेमणूक, प्रत्येक बदली, मृत्यू. १९८३ साली लागू झालेल्या चर्चच्या कायद्यानुसार नोव्हिशिएटमध्ये प्रवेश घेण्यासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. नोव्हिशिएट निदान १२ महिन्यांचे असते आणि ते दोन वर्षांहून लांबू नये असा नियम आहे. प्रथम व्रते तात्पुरती, म्हणजे तीन ते सहा वर्षांसाठी असतात आणि काही कारणाने वाढवली तरी एकूण नऊ वर्षांपलीकडे जात नाहीत. अंतिम व्रतांसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. हा नियम हाताशी असला की चुका आपोआप सापडतात. प्रथम आणि अंतिम व्रतांमध्ये एकाच वर्षाचे अंतर दिसत असेल, तर बहुधा कोणीतरी नोव्हिशिएटची तारीख प्रथम व्रतांच्या आणि प्रथम व्रतांची तारीख अंतिम व्रतांच्या रकान्यात लिहिलेली असते. अर्थात, सिस्टरांनी १९८३ पूर्वी व्रते घेतली असतील तर त्या वेळचा कायदा आणि त्या संघाचे त्या वेळचे संविधान पाहावे.

तारखा केवळ अचूकतेसाठी हव्या असतात असे नाही. मदर तेरेसा यांच्या आयुष्यातील काही तारखा एकाखाली एक लिहून पाहाव्यात. १९२८ साली त्या लोरेटो भगिनींच्या संघात दाखल झाल्या, जानेवारी १९२९ मध्ये भारतात आल्या, मे १९३१ मध्ये प्रथम व्रते आणि मे १९३७ मध्ये अंतिम व्रते घेतली. मठ सोडून गरिबांमध्ये राहून त्यांची सेवा करावी, अशी जी हाक दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना ऐकू आली ती १० सप्टेंबर १९४६ रोजी. मठाबाहेर पाऊल पडले ते ऑगस्ट १९४८ मध्ये, आणि नव्या संघाला मान्यता मिळाली ७ ऑक्टोबर १९५० रोजी. बहुतेक लेखांत १९४६ नंतरचे वाक्य थेट झोपडपट्टीत जाते. मधली दोन वर्षे गळून जातात, आणि मला तर तीच सर्वांत बोलकी वाटतात: ज्या स्त्रीला आपले काम कोणते हे स्पष्ट दिसत होते ती पत्रे लिहीत, परवानगीची वाट पाहत, रोजच्यासारखी राहत होती. आज्ञापालनाचे व्रत म्हणजे काय, हे ती दोन वर्षे लिहिली तर वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या सिस्टरच्या आयुष्यातही असा वाट पाहण्याचा काळ कुठे आहे ते तारखांच्या कागदावर शोधावे.

नावांबाबत विशेष सावध राहावे. पूर्वी नोव्हिशिएटमध्ये प्रवेश करताना बहुतेक संघांत नवे नाव दिले जात असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्रतस्थ जीवनाच्या नूतनीकरणाविषयीचा आदेश काढला, त्यानंतर संघांनी आपापले नियम पुन्हा तपासले, आणि पुष्कळ भगिनी बाप्तिस्म्याच्या नावाकडे परतल्या. माझ्या हातून यात एकदा मोठी चूक होता होता राहिली. एका सिस्टरचे नाव संघाच्या नोंदींत सात वर्षे सापडेना. त्या काळात त्या संघ सोडून गेल्या होत्या आणि पुढे परत आल्या, असा निष्कर्ष काढून मी तसा परिच्छेदही लिहिला. छपाईपूर्वी एका वृद्ध भगिनीने तो वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, “ती कुठे गेली नव्हती. तिचं नाव बदललं होतं.” तेव्हापासून कोणतीही वही उघडण्यापूर्वी मी दोन्ही नावे, त्यांची सर्व संभाव्य स्पेलिंगे आणि आडनाव एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवतो.

कागदपत्रे मागताना आणि वाचताना

कागद मिळवण्याचा रस्ता संघाच्या प्रोव्हिन्शियल (प्रांतप्रमुख) किंवा मदर जनरल (संपूर्ण संघाच्या प्रमुख) यांच्याकडून जातो. लेखी विनंती करावी, त्यात लेखनाचा हेतू, कोणत्या वर्षांचे कागद हवेत आणि मसुदा छपाईपूर्वी दाखवला जाईल की नाही, हे सरळ लिहावे. मातृगृहातील, म्हणजे संघाच्या मुख्य मठातील, अभिलेखागारात साधारणपणे व्रतग्रहणाची नोंदवही, प्रत्येक भगिनीची वैयक्तिक फाइल, पत्रव्यवहार, वरिष्ठांच्या भेटींचे अहवाल, परिपत्रके आणि दिवंगत भगिनींच्या स्मृतिनोंदी असतात. वैयक्तिक फाइलमधला वैद्यकीय आणि आध्यात्मिक मार्गदर्शनाचा भाग दाखवला जाणार नाही, आणि तो मागूही नये.

सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे प्रत्येक घराची दैनंदिन नोंदवही, जिला संघांत क्रॉनिकल म्हणतात. ती एका नेमलेल्या भगिनीने लिहिलेली असते आणि वरिष्ठ ती पुढे वाचणार हे तिला ठाऊक असते. त्यामुळे कोणत्या दिवशी बिशप आले, कोणत्या सणाला किती मुलींना प्रथम कम्युनियन (पहिला ख्रिस्तप्रसाद) मिळाले, विहीर कधी आटली, हे त्यात सविस्तर सापडते. दोन भगिनींचे पटत नव्हते, हे सापडत नाही. पण नोंद नसणे हीसुद्धा खूण असते. एका घरात रोज चार-पाच ओळी लिहिणारी भगिनी सलग तीन आठवडे “विशेष काही नाही” एवढेच लिहिते तेव्हा त्या तीन आठवड्यांत काय घडले, हे दुसऱ्या कागदांतून शोधावे. अनेकदा तेथे साथीचा आजार, एखादा मृत्यू किंवा बदलीचे पत्र निघते.

पत्रे वाचताना ती कोणासाठी लिहिली होती हे प्रथम पाहावे. कित्येक संघांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी घरी जाणारी पत्रे सुपिरियर, म्हणजे मठाच्या प्रमुख, वाचून मगच पाठवत असत, त्यामुळे आईला लिहिलेल्या पत्रातही सिस्टर मोकळ्या होत नाहीत. देणगीदारांसाठीच्या मासिकात छापलेले पत्र तर आणखी जपून वाचावे. निधी गोळा करायचा असल्याने तेथे अंधार अधिक गडद आणि लोक अधिक असहाय दाखवले जात, आणि तेच शब्द चरित्रात उतरवले तर आपण ज्या लोकांविषयी लिहितो त्यांचा अपमान होतो.

संपादनाचाही प्रश्न असतो. मारी गुयार, ज्या व्रतजीवनात मारी ऑफ द इन्कार्नेशन या नावाने ओळखल्या जातात, विधवा झाल्यावर अकरा वर्षांच्या मुलाला नातलगांकडे सोपवून १६३१ साली फ्रान्समध्ये उर्सुलाईन मठात गेल्या, १६३९ साली क्वेबेकला पोहोचल्या आणि १६७२ साली तेथेच वारल्या. तेथील मूळ रहिवाशांच्या भाषा शिकून त्यांनी त्या भाषांचे शब्दकोशही तयार केले. त्यांच्या पत्रांमुळे त्या वसाहतीचे आणि त्यांच्या मनाचेही इतके जवळून दर्शन घडते. पण ती पत्रे जगासमोर आली ती त्यांचा मुलगा क्लोद, जो पुढे बेनेडिक्टाईन संन्यासी झाला, त्याने स्वतःच्या हाताने डागडुजी करून छापल्यानंतर. ज्या मुलाला आईने सोडले त्यानेच आईचे शब्द नीटनेटके करून ठेवावेत, यात केवढी माया आहे आणि वाचकासाठी केवढा धोकाही आहे. म्हणून छापील पत्र मिळाले तरी मूळ हस्तलिखित आहे का, हे विचारावेच.

काम जवळून पाहावे

चरित्राचा अर्धा भाग कामाला द्यावा, आणि काम म्हणजे काय हे सिस्टरच्या हाताच्या अंतरावरून दाखवावे. यासाठी त्या व्यवसायाचा आणि त्या काळाचा थोडा अभ्यास करावा लागतो, आणि बहुतेक लेखक येथेच कंटाळा करतात.

कुष्ठरोग्यांच्या सेवेचे उदाहरण घेतो, कारण सिस्टरांच्या चरित्रांत ती सर्वांत अधिक गौरवली जाते आणि सर्वांत अधिक ढोबळपणे लिहिली जाते. मदर मारिआन कोप या फ्रान्सिस्कन भगिनी अमेरिकेत रुग्णालय चालवण्याचा अनुभव गाठीशी घेऊन, सहा भगिनींसह १८८३ साली हवाईला पोहोचल्या, १८८८ साली मोलोकाई बेटावरील कालाउपापा येथे, रुग्णांना समाजापासून दूर पाठवले जाई त्या वसाहतीत, राहायला गेल्या आणि १९१८ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिल्या. तेथे कुष्ठरोग्यांची सेवा करताना स्वतःलाच तो रोग झालेले फादर डेमियन यांच्या अखेरच्या आजारपणात त्या तेथे होत्या. १८८९ साली ते वारले. त्या सगळ्या काळात या रोगावर उपाय नव्हता. तेव्हा त्यांच्या सेवेत जखमा धुणे, पट्ट्या बदलणे, मुलींना निजायला सुरक्षित जागा देणे, त्यांच्यासाठी चांगले कपडे शिवणे आणि उजाड जमिनीवर झाडे लावणे हे सगळे होते. जिला समाजाने मरायला पाठवले आहे तिच्या अंगात नीट बेतलेला झगा असणे, याला औषधाइतकाच अर्थ होता. हात धुण्याविषयी त्या अतिशय कडक होत्या, आणि त्यांच्यासोबतच्या एकाही भगिनीला तो रोग झाला नाही.

आता रूथ फाऊ पाहाव्यात. त्या जर्मन डॉक्टर आणि डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या संघाच्या भगिनी. हा संघ फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात स्थापन झाला आणि त्याच्या भगिनी सिस्टरांचा विशिष्ट झगा वापरत नाहीत, म्हणून त्यांच्या छायाचित्रांत सिस्टरची ओळखीची खूण शोधू नये. १९६० साली त्या भारतात यायला निघाल्या होत्या, व्हिसाच्या अडचणीमुळे कराचीत थांबल्या, तेथील कुष्ठरोग्यांची वस्ती पाहिली आणि आयुष्यभर तेथेच राहिल्या. तोवर या रोगावर गुणकारी अशी सल्फोन गटातील औषधे हाती आली होती, आणि पुढे १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. त्यामुळे त्यांच्या सेवेत रुग्ण शोधणे, गावोगाव तंत्रज्ञ तयार करणे, औषध मध्येच थांबू नये म्हणून नोंदी ठेवणे आणि सरकारकडून काम करवून घेणे या गोष्टी आल्या. १९९६ साली पाकिस्तानात कुष्ठरोग नियंत्रणात आल्याचे जाहीर झाले. त्या २०१७ साली वारल्या.

दोघींविषयी “त्यांनी कुष्ठरोग्यांची सेवा केली” असे एकच वाक्य लिहिता येते, आणि ते लिहिले की दोघीही हरवतात. एकीला मृत्यूपर्यंत सोबत करायची होती, दुसरीला माणसाला बरे करून घरी पाठवायचे होते. एकीच्या दिवसात सुई-दोरा आणि साबण होता, दुसरीच्या दिवसात प्रवास, फायली आणि गोळ्यांचा हिशेब होता. आपल्या सिस्टरने ज्या आजारावर, ज्या शाळेत, ज्या दशकात काम केले, त्या दशकात काय शक्य होते आणि काय शक्य नव्हते, हे आधी ठरवावे. अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात डॉटर्स ऑफ चॅरिटीच्या भगिनी १८९६ साली आल्या आणि त्याच रुग्णालयात १९४१ साली प्रोमिन या सल्फोन गटातील औषधाचा गुणकारी वापर सुरू झाला. म्हणजे एकाच वॉर्डातील भगिनींची सेवा त्या वर्षानंतर आतून बदलली. असे वळण चरित्रात असेल तर त्यावर थांबावे.

प्रसूतीच्या कामाबाबत एक खास सूचना. व्रतस्थ भगिनींनी वैद्यकी आणि विशेषतः प्रसूतिशास्त्राचे काम करण्यावर चर्चचे निर्बंध होते, आणि ते ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून निघालेल्या सूचनेने सैल झाले. आन्ना डेंगेल या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी १९२० पासून काही वर्षे रावळपिंडीत स्त्रियांसाठी काम केले होते. पुरुष डॉक्टरला दाखवायचे नाही म्हणून स्त्रिया बाळंतपणात दगावतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून १९२५ साली वॉशिंग्टनमध्ये मेडिकल मिशन सिस्टर्सचा समूह स्थापन करताना त्यांनी सार्वजनिक, म्हणजे चर्चने अधिकृतपणे स्वीकारलेल्या, व्रतांशिवायचा मार्ग पत्करला, आणि नियम बदलेपर्यंत अकरा वर्षे तो निभावला. तेव्हा १९२० च्या सुमारास एखाद्या सिस्टरने शेकडो बाळंतपणे केली असे कोणी सांगितले, तर ते थेट न लिहिता नोंदवहीशी ताडून पाहावे. प्रत्यक्षात प्रशिक्षित सुईण दुसरी कोणी असेल आणि सिस्टर दिवा धरून शेजारी उभ्या असतील. तसे असल्यास तसेच लिहावे; त्या सुईणीचे नाव त्यामुळे वाचते.

मुलाखत

हयात सिस्टरची मुलाखत एका बैठकीत उरकू नये. चाळीस मिनिटांच्या पाच बैठका चार तासांच्या एका बैठकीपेक्षा खूप जास्त देतात, आणि प्रार्थनेच्या, मिस्साच्या (चर्चमधील मुख्य उपासनेच्या) व विश्रांतीच्या वेळा आधीच विचारून घ्याव्यात. पहिल्या बैठकीत सर्व उत्तरे “आम्ही” या शब्दाने सुरू होतील. “तुम्ही काय केलंत?” असे विचारले की “मी काय केलं? आम्ही सगळ्यांनी मिळून केलं” असेच उत्तर येते. तो विनय खरा असतो, तो मोडायला जाऊ नये. प्रश्न बदलावा आणि वस्तूंकडे न्यावा.

ऐंशी ओलांडलेल्या एका सिस्टरांशी बोलताना तीन बैठका माझ्या हाती काही लागले नव्हते. चौथ्या दिवशी मी विचारले, “रात्री बोलावणं आलं की पिशवीत काय घालून निघायचात?” त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि एकेक वस्तू सांगायला लागल्या, जणू पिशवी समोर उघडी होती: उकळलेली कात्री फडक्यात गुंडाळून, नाळ बांधायचा दोरा, साबणाची वडी, दोन स्वच्छ पंचे, मेणबत्ती, काडेपेटी तेलकट कागदात, आणि जपमाळ. मग म्हणाल्या, “काडेपेटी नेहमी वरच्या बाजूला. अंधारात हाताला लागली पाहिजे. एकदा ती तळाशी गेली होती.” तेथून पुढचा पाऊण तास त्या एका रात्रीविषयी बोलल्या, आणि त्या रात्री पहिल्यांदा त्यांनी “मी घाबरले होते” असे म्हटले. पन्नास वर्षांच्या सेवेचा सारांश मागितला असता तर हे वाक्य कधीच आले नसते.

असेच प्रश्न विचारावेत: नव्या घरी पोहोचलात तेव्हा दार कोणी उघडले, पहिला स्थानिक शब्द कोणता शिकलात, किल्ल्यांचा जुडगा कोणाकडे असे, बदलीचे पत्र आले तेव्हा हातात काय काम होते, सोबत काय नेले आणि काय मागे ठेवले. बदलीविषयी अवश्य विचारावे. वीस वर्षे वाढवलेली शाळा एका पत्राने सोडून जाणे, हे बाहेरच्या माणसाला प्रशासकीय वाटते. आतून तो आज्ञापालनाचा सर्वांत कठीण प्रसंग असतो. ज्या कामासाठी मन तयार केले ते न मिळणे, हेही तसेच. फ्रान्सेस काब्रिनी यांना चीनला जायचे होते. पोप तेरावे लिओ यांनी त्यांना पश्चिमेकडे, स्थलांतरित इटालियनांकडे पाठवले. १८८९ साली त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तर तेथील आर्चबिशपांनी ठरलेले अनाथालय होणार नाही, परत जा, असे सुचवले. त्या गेल्या नाहीत. या एका प्रसंगात आज्ञा पाळणारी आणि आपल्या जागेवर ठाम राहणारी अशी एकच बाई दिसते.

सिस्टरपुरते थांबू नये. स्वयंपाकघरात काम केलेल्या बाई, गाडी चालवणारे, वॉर्डातल्या मावशी, विद्यार्थिनी, आणि कॅथलिक नसलेले शेजारी यांच्याशी बोलावे. त्यांना सिस्टरचा राग, घाई, हट्ट आठवत असतो, आणि ते प्रेमानेच सांगतात. हे चरित्रात आले पाहिजे.

जे लिहिणे जड जाते

सिस्टर मिशनरी होत्या, हे लपवू नये. ख्रिस्ताची सुवार्ता लोकांपर्यंत पोहोचवावी या श्रद्धेने त्या घराबाहेर पडल्या. ती श्रद्धा काढून टाकून केवळ समाजसेविका म्हणून त्यांना रंगवले, तर पहाटेची प्रार्थना, व्रते आणि परत न जाण्याचा निर्णय या कशालाच अर्थ राहत नाही. त्याचबरोबर ज्यांच्यामध्ये त्या राहिल्या त्यांना स्वतःचा धर्म, भाषा आणि शहाणपण होते, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे.

संस्थेकडून अन्याय झाला असेल तर तो वगळू नये. कॅनडात आदिवासी मुलांना कुटुंबांपासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवले गेले त्यांतील पुष्कळ शाळा कॅथलिक धर्मसंघ चालवत होते. तेथील सत्य व समेट आयोगाचा अंतिम अहवाल २०१५ साली आला आणि जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन माफी मागितली. अशा शाळेत शिकवलेल्या सिस्टरचे चरित्र लिहिताना त्या वैयक्तिकरीत्या प्रेमळ होत्या एवढे सांगून पुढे जाता येत नाही. त्या काय पाहत होत्या, काय बोलल्या, काय बोलल्या नाहीत, हे कागद जितके सांगतात तितके लिहावे, आणि त्या शाळेतून गेलेल्यांचे म्हणणे त्याच प्रकरणात ठेवावे.

हिंसेत मृत्यू आला असेल तर घाईने ‘हुतात्मा’ किंवा ‘संत’ म्हणू नये. चर्चची त्यासाठी स्वतंत्र प्रक्रिया आहे, ती साधारणपणे मृत्यूनंतर पाच वर्षांनी सुरू होते, आणि प्रत्येक टप्प्याची पदवी वेगळी असते. सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात बसमध्ये हत्या झाली; त्यांना धन्य (संतपदाच्या आधीचा टप्पा) घोषित केले गेले ते ४ नोव्हेंबर २०१७ रोजी, इंदूरमध्ये. मधल्या काळात त्यांच्या धाकट्या बहिणीने, ज्या स्वतःही सिस्टर आहेत, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. सिस्टर डोरोथी स्टँग यांना १२ फेब्रुवारी २००५ रोजी ब्राझीलमधील अनापू येथे गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा त्या ७३ वर्षांच्या होत्या. येथेही मृत्यूआधीची वर्षे अधिक लिहावीत: त्या कोणत्या शेतकऱ्यांच्या जमिनीच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि त्यामुळे कोणाचे नुकसान होत होते. ते लिहिले नाही तर हत्या निव्वळ दुर्दैव वाटते.

मसुदा आणि त्यानंतर

मसुद्यात विशेषणे तपासावीत. ‘निःस्वार्थ’, ‘थोर’, ‘वात्सल्यमूर्ती’ असे शब्द जेथे आले असतील तेथे त्या शब्दाला आधार देणारा प्रसंग आहे का ते पाहावे. प्रसंग असेल तर शब्द काढला तरी चालतो, आणि प्रसंग नसेल तर शब्द काढायलाच हवा. एक संपूर्ण साधा दिवस, उठण्याच्या घंटेपासून रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत, सलग लिहावा. त्या दिवशी भांडी कोणी घासली, हेही त्यात यावे. धर्मसंघातील शब्द प्रथम येतील तेथे सोप्या वाक्यात उलगडावेत, कारण वाचकांपैकी निम्म्यांना नोव्हिशिएट म्हणजे काय हे ठाऊक नसते.

मसुदा संघाला दाखवावा, पण तारखा, नावे आणि व्रतांचे तपशील तपासण्यासाठी. सूर बदलून घेण्यासाठी नव्हे, आणि हे सुरुवातीच्या विनंतीपत्रातच लिहिलेले असले की नंतर मने दुखावत नाहीत. मुलाखतींच्या ध्वनिफितींवर तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याची लेखी परवानगी जोडून त्यांची एक प्रत अभिलेखागारात द्यावी.

शेवटी छायाचित्रे. जुन्या छायाचित्राखाली बहुधा “मदर सुपिरियर व सिस्टर, दवाखान्यासमोर” एवढेच लिहिलेले असते. मधल्या पाच-सहा पांढऱ्या झग्यांना नावे मिळतात, आणि कडेला उभ्या असलेल्या, एकीच्या कडेवर मूल असलेल्या, दोन-तीन स्त्रियांना मिळत नाहीत. ते छायाचित्र मोठे करून छापून घ्यावे, गावात न्यावे आणि वयस्कर माणसांच्या हातात द्यावे. कोणीतरी बोट ठेवून सांगते, ही माझी आत्या, हिनेच सिस्टरांना आमची भाषा शिकवली. ते नाव तिथल्या तिथे, डावीकडून कितवी ते मोजून, छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहावे.